बल्ब लावतानाच का जातो?

गणेशचवथीच्या आदल्या संध्याकाळी गोव्यात साखळी गावी मामाच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधून झाली, मामीने बटण दाबलं आणि माटोळीमागचा १०० वॅटचा बल्ब 'टिक्' करून गेला. "अपशकून मरे हो!" म्हणत मामी कपाळाला हात लावून बसली. एलईडीच्या जमान्यात हा पिवळा बल्ब तिने हट्टाने जपला होता. माटोळीतली आंबाडे आणि तोरिंगं ही फळं त्या उजेडात जशी खुलतात तशी पांढऱ्या उजेडात खुलत नाहीत, हे मलाही मान्य आहे. अपशकून मात्र मान्य नाही. बल्ब रात्रभर जळत असताना सहसा जात नाही, बटण दाबतानाच जातो, आणि आपण बटण दाबतो तेव्हा काही ना काही कार्य असतंच!

मामाकडे तसाच एक नवा बल्ब होता. लावण्याआधी मी त्याच्या दोन टोकांना मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट, करंट आणि रोध मोजणारा मीटर, लावला. शाळेतली दोन सूत्रं इथे पुरतात. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मिळतो आणि व्होल्टेजला करंटने गुणलं की वॅट, म्हणजे शक्ती. बल्बवर लिहिलंय २३० व्होल्ट, १०० वॅट. म्हणजे करंट १०० भागिले २३०, सुमारे ०.४३ अँपिअर. रोध २३० भागिले ०.४३, म्हणजे साधारण ५३० ओहम. मीटरने दाखवले ४०.

मामा म्हणाला, "तुझा मीटर बिघडलाय." मीटर ठीक होता. मी थंड बल्बला विचारत होतो आणि उत्तर पेटलेल्या बल्बचं मागत होतो.

बल्बमधली तार टंगस्टनची. धातूमधून करंट वाहतो तो मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे, आणि त्यांना अडथळा होतो तो मुख्यतः जागच्या जागी थरथरणाऱ्या अणूंचा. तार तापली की थरथर वाढते, धक्के वाढतात, रोध वाढतो. टंगस्टनचा रोध दर अंशाला मूळच्या साधारण ०.४५ टक्के चढतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण पेटलेली तार असते अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास. ०.००४५ गुणिले २५०० म्हणजे ११ पट वाढ, मूळचा १ धरून १२ पट. प्रत्यक्षात चढ थोडा अधिकच तीव्र असतो, म्हणून ४० चे ५३० होतात, १३ पटींच्या वर.

आता बटण दाबण्याचा क्षण बघा. तार अजून थंड आहे, रोध ४० ओहम, समोर २३० व्होल्ट. करंट पावणेसहा अँपिअर, शक्ती तेराशे वॅटच्या वर! १०० वॅटचा बल्ब त्या निमिषात इस्त्रीएवढी वीज ओढतो. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत तार तापते, रोध चढतो आणि करंट आपोआप लगामात येतो. पण जुन्या तारेचे कण हळूहळू उडून ती कुठेतरी बारीक झालेली असते. त्या बारीक जागी रोध जास्त, करंट मात्र सगळ्या तारेतून सारखाच. करंटचा वर्ग गुणिले रोध म्हणजे उष्णता, म्हणून तीच जागा आधी तापते. तापली की तिथला रोध आणखी वाढतो, ती आणखी तापते, आणि बाकीची तार सावध होण्याआधी तिथे ३४२२ अंशांचा, म्हणजे टंगस्टन वितळण्याचा टप्पा गाठला जातो. टिक्.

त्याच संध्याकाळी आणखी एक गंमत झाली. मुंबई-पुण्याची मंडळी घरी आलेली, वाड्यावरच्या प्रत्येक घरात दिवे, पंखे, मिक्सर. सॉकेटमध्ये मीटरने १८० व्होल्ट दाखवले. मामाचा ठाम समज असा की व्होल्टेज पडलं की गिझर जास्त करंट खेचतो आणि बिल वाढतं. कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) पंपाबाबत तो बरोबर आहे. मोटर तेवढंच पाणी उपसायच्या हट्टाने जास्त करंट घेते आणि वाइंडिंग जाळून घेते. गिझरमध्ये असा हट्ट नसतो. त्याचं कॉइल निक्रोम या निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं, तेही पाण्यात बुडालेलं, त्यामुळे रोध गरम-थंड जवळपास एकच, २ किलोवॅटला साडेसव्वीस ओहम. १८० व्होल्टला करंट ८.७ वरून ६.८ अँपिअरवर येतो आणि शक्ती दोन्हींचा गुणाकार असल्याने थेट सव्वाबाराशे वॅटपर्यंत घसरते. पंधरा लिटर पाणी वीस अंशांनी तापायला साडेदहा मिनिटांऐवजी सतरा. युनिटं जवळपास तेवढीच, साधारण एकतृतीयांश. बल्बचं मात्र वेगळंच. व्होल्टेज पडलं की तार निवते, तिचा रोधही उतरतो, म्हणून तो हिशेबातल्या ६१ ऐवजी ६७-६८ वॅट घेतो, पण उजेड निम्म्याहून कमी.

पडत्या व्होल्टेजने खुद्द ओहमला, ज्याच्या नावाने आपण रोध मोजतो त्या शास्त्रज्ञाला, छळलं होतं. कोलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या या माणसाचे प्रयोग जुळेनात, कारण व्होल्टाच्या घटाचा, म्हणजे तेव्हाच्या बॅटरीचा, दाब (व्होल्टेज) जोडणी केल्याबरोबर घसरायचा. मग त्याने तांबं आणि बिस्मथचे दोन सांधे केले, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात; अशा दोन सांध्यांच्या तापमानातल्या फरकाने व्होल्टेज तयार होतं. बर्फ वितळतोय आणि पाणी उकळतंय तोवर दाब जागचा हलत नाही. करंट मोजला तो टांगलेल्या चुंबकसूचीच्या वळण्यावरून. व्होल्टेज, करंट आणि रोध यांचा नियम हाती लागला १८२६ मध्ये.

जाता जाता, मामाच्या सॉकेटमध्ये एक 'वीज बचत' करणारी डबीही लुकलुकत होती. बिल चाळीस टक्के कमी म्हणे. उघडली तर आत एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा छोटा भाग) आणि हिरवा दिवा. मोटरचा करंट अशा कपॅसिटरने तारेत थोडा घटतोही, पण घरचा मीटर अँपिअर मोजत नाही, युनिटं मोजतो. ती डबी मी सॉकेटमधून काढली.

नवा बल्ब मामीने स्वतःच लावला, देवाचं नाव घेऊन. तो लागला, पिवळा आणि मंद, एकशेऐंशी व्होल्टचा.