एकटं असणं वेगळं, एकटं वाटणं वेगळं

लॉकडाऊनचा विषय निघाला की मला घरातली दोन माणसं आठवतात. एक आत्या, तेव्हा ७४ वर्षांची, पुण्यात सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकटीच राहायची, आणि दुसरा मामेभाऊ, डोंबिवलीला वन रूम किचनमधे सहा माणसं. २४ मार्च २०२० ला रात्री आठला टीव्हीवर २१ दिवसांचं जाहीर झालं आणि आम्हा सगळ्यांचा जीव आत्यासाठी टांगणीला लागला, भावाचं काय, त्याचं घर भरलेलं आहे असं आम्ही धरूनच चाललो.

आत्या रोज सकाळी गॅलरीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडायची, दूधवाला त्यात पिशव्या ठेवायचा आणि वर बघून विचारायचा, "आजी, बरंय ना?" संध्याकाळी समोरच्या गॅलरीतल्या काकूंशी मोठ्या आवाजात गप्पा, रात्री धाकट्या बहिणीचा फोन. दिवसभर एकटी, पण तिला एकटं वाटत नव्हतं. भाऊ मात्र सगळे झोपले की जिन्यात येऊन बसायचा, मोबाइल हातात पण फोन कोणालाच नाही, कारण नोकरी जाणार हे त्याला कळलं होतं आणि घरात सांगायची हिंमत नव्हती. खूप नंतर म्हणाला, "अगं ताई, सगळे होते गं घरात, बोलायला कोणी नव्हतं."

आपण दोन्हीला एकटेपणाच म्हणतो, म्हणून गल्लत होते. माणसांशी संपर्क किती, कितीदा, हे बाहेरून मोजता येतं, ते एकटं असणं. हवा तसा जिव्हाळा आणि मिळतोय तो, यातलं अंतर म्हणजे एकटं वाटणं, आणि ते ज्याचं त्यालाच माहीत. अमेरिकेत १९७८ पासून वापरात असलेल्या, एकटं वाटणं मोजणाऱ्या यूसीएलए मोजपट्टीची एक छोटी आवृत्ती आहे, तीनच प्रश्न: सोबत कमी पडते असं कितीदा वाटतं, बाजूला टाकल्यासारखं कितीदा वाटतं, इतरांपासून तुटल्यासारखं कितीदा वाटतं. घरात माणसं किती हे त्यात विचारतच नाहीत.

आत्याची काळजी फुकट होती असंही नाही हं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड यांनी २०१५ मधे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तर लवकर मरण येण्याची शक्यता माणसांशी संपर्क कमी असलेल्यांत २९ टक्के जास्त आणि एकटं वाटणाऱ्यांत २६ टक्के जास्त निघाली, म्हणजे जवळपास सारखीच. फक्त वाट वेगळी. माणूस नुसता एकटा असेल तर बाथरूममधे पाय घसरला, बीपीची गोळी राहिली, जेवणाचा कंटाळा केला, हे बघणारं कोणी नसतं. एकटं वाटायला लागलं की मन आतून पोखरतं. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी यावर आयुष्य घातलं, त्यांचं म्हणणं असं की मेंदू सतत सावध राहतो, झोप तुटक होते, दुसऱ्याच्या साध्या बोलण्यातही टोमणा ऐकू येतो, मग माणूस अजूनच मागे सरतो, आणि मागे सरला की अजून एकटं वाटतं.

सुरुवातीची ओढ मात्र अगदी भुकेसारखी असते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात ४० जणांना १० तास माणसांपासून दूर ठेवून नंतर माणसांचे फोटो दाखवले, तर उपाशी माणसाला जेवण दिसल्यावर मेंदूचा जो भाग जागा होतो तोच जागा झाला. म्हणूनच मार्च २०२० मधेच जागतिक आरोग्य संघटनेने सामाजिक अंतर सोडून शारीरिक अंतर म्हणायला सुरुवात केली ते मला फार पटलं, अंगाने लांब राहा, मनाने नाही. आपल्याकडे तो शब्द रुजायला हवा होता, तेवढा रुजला नाही.

उपायही एक नाही. आत्याला रोजचा फोन, टोपली, शेजार एवढं पुरलं. भावाला आम्ही फॅमिली ग्रुपच्या व्हिडिओ कॉलवर ओढत राहिलो आणि तो म्यूट करून बसायचा. २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात हेच दिसलं होतं, नुसत्या गाठीभेटी वाढवण्यापेक्षा 'मी कोणालाच नकोय' हा विचार हळूहळू सोडवायला मदत केली तर जास्त गुण येतो. त्याला एका समुपदेशकानेच हात दिला. आता तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

लॉकडाऊन उठल्यावर आत्याकडे पहिल्याच आठवड्यात भिशीच्या बायका जमल्या. भावाची लोकल सुरू झाली, नवी नोकरी लागली, आम्हाला वाटलं झालं सगळं नीट. मागच्या महिन्यात फोनवर घरी सगळे कसे आहेत हे न विचारता मी सरळ विचारलं, अजून जिन्यात बसतोस का रे? जरा थांबून म्हणाला, "कधीकधी," आणि मग आम्ही पाऊण तास बोललो.