केबल लावलेलीच नसताना ‘केबल तपासा’

जुना लॅपटॉप चालू करावा आणि काळ्या पडद्यावर ओळ उमटावी: ‘पीएक्सई-ई६१: मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल’. लोक मुकाट्याने केबल शोधायला लागतात. खरं तर बऱ्याचदा दुखणं हार्ड डिस्कचं असतं. ती सापडली नाही, म्हणून बायोस (यंत्र चालू होताच आधी धावणारा प्रोग्राम) बूटच्या, म्हणजे यंत्र कुठून सुरू करायचं त्याच्या, यादीत पुढे असलेल्या नेटवर्क कार्डाकडे वळलेलं असतं. नेटवर्कवरून बूट करणं कुणाच्या मनातही नसतं.

ही सोय मुळात जागेवरून न हलणाऱ्या यंत्रांची. १९८० च्या दशकात डिस्क महाग होत्या, म्हणून सन कंपनीसारख्यांनी डिस्कविना चालणारी वर्कस्टेशनं काढली. ती सगळं सर्व्हरवरून ओढून घेत. फाइल आणायला टीएफटीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसात बोलायचे नियम, होता (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज आरएफसी ७८३, १९८१), रॉमच्या चिपमध्ये मावेल इतका साधा. पत्ता आणि फाइलचं नाव विचारायला बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी १९८५ मध्ये बूटपी मांडला. १९९३ चा डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणारा प्रोटोकॉल, त्याच्याच पॅकेटच्या साच्यावर उभा आहे. इंटेलने हे सारं पीएक्सई नावाखाली एकत्र बांधलं, त्याची २.१ आवृत्ती सप्टेंबर १९९९ ची.

म्हणून एररचा आकडा वाचला की गाडी कुठल्या स्टेशनात अडली ते कळतं. ई५१ म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, फाइलचं नाव नाही. ई३२ आला तर नावही मिळालंय, पण टीएफटीपी सर्व्हर गप्प आहे.

ई५१ सगळ्यात फसवा. सर्व्हर धडधाकट असतो, शेजारचं मशीन बूट होतं, हा लॅपटॉप मात्र नाही. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये गोल फेरा होऊ न देणारी सोय) चालू असलेला स्विच नव्याने जागा झालेला पोर्ट साधारण ३० सेकंद अडवून धरतो, आणि तोवर नेटवर्क कार्डांवरचे काही जुने बूट रॉम वाट पाहून थकलेले असतात. मध्ये एखादा साधा, बिनअकलेचा स्विच लावून बघा. मुख्य स्विचचा पोर्ट जागाच राहतो आणि लॅपटॉप निमूट बूट होतो! कायमचा इलाज म्हणजे त्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट टाळणारी स्विचची सेटिंग, चालू करणं.

लॅपटॉपची स्वतःची अडचण वेगळी. लॅपटॉपच्या खाचेत सरकवायच्या पीसीएमसीआयए नेटवर्क कार्डाच्या काळात बूटच्या वेळी बायोसला ते कार्ड सहसा वापरताच येत नसे. पुढे पातळ लॅपटॉपांतून लॅनचं भोकच गेलं, आणि यूएसबी अडॅप्टर बहुतेक जुन्या बायोसना ओळखता येत नाही. बायोसच्या जागी यूईएफआय आल्यावर बूटची फाइलही वेगळी झाली. जुन्या बायोसच्या हाती ती पडली, तर डाउनलोड पूर्ण होतं आणि मशीन तिथेच थिजतं.

आणि दरवेळी ३२ एमबीच्या जवळपास डाउनलोड थांबत असेल, तर केबल बदलत बसू नका. टीएफटीपीचा ब्लॉक मुळात ५१२ बाइटचा आणि त्याचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ नंतर आकडेच संपतात. ब्लॉक मोठा करा, नाहीतर फाइल लहान करा.