ग्राइंडर लावण्याआधी

जुनी गाडी ‘रिस्टोअर’ केली म्हणजे ती काल शोरूममधून आणल्यासारखी चकाकली पाहिजे, हा समज व्हिडिओ पाहून पाहून पक्का झाला आहे. विदर्भात त्याचा फटका जुन्या जीपांना बसतो. कोठ्यात कवेलूंखाली वर्षानुवर्षे उभी असलेली सीजे-३बी गॅरेजात जाते, पत्र्यावर ग्राइंडर फिरतो, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरली जाते आणि वरून चकचकीत रंग बसतो. मूळ पत्रा, त्यावरचे शिक्के आणि कारखान्यातला रंग मात्र कायमचा जातो.

आपली कोरडी हवा लोखंडाला मानवते. वैरी आहे ती काळी माती. मडगार्डच्या आत आणि चेसिसच्या पोकळीत बसलेला चिखल वरून वाळतो, आतून मात्र ओल धरून ठेवतो. आधी तो लाकडी पट्टीने खरवडून काढा. गाडी गुरांच्या कोठ्यात असेल तर पितळी भागही तपासा. मूत्रातून सुटणारा अमोनिया ताणाखालच्या पितळेला चिरा पाडतो. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे हिंदुस्थानातल्या तबेल्यांत पावसाळ्यात अशीच तडकत.

आता गंज. लोखंड ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन बसते, तेव्हा गंज तयार होतो. ग्राइंडर गंजाबरोबर चांगला पत्राही खातो. तीव्र आम्लही गंज संपला की पत्र्याला लागते. विजेने गंज उतरवताना आपण गेलेले इलेक्ट्रॉन परत देतो, म्हणून ही पद्धत मला सगळ्यांत सुंदर वाटते.

प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये ४० लिटर पाणी आणि २०० ग्रॅम धुण्याचा सोडा घ्या. गंजलेला भाग तारेने टांगून गाडीच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडा. धन टोकाला साध्या लोखंडाच्या पट्ट्या जोडून त्या पाण्यात भागाभोवती उभ्या करा, पण भागाला चिकटू देऊ नका. १२ व्होल्ट, २ ते ५ अँपिअर, रात्रभर. चार्जर जुन्या पद्धतीचा हवा. समोर बॅटरी नाही हे ओळखून नवे स्मार्ट चार्जर बंद पडतात. सोड्यामुळे पाण्यातून वीज वाहते आणि पाणी अल्कधर्मी झाल्याने चांगले लोखंड विरघळत नाही. मीठ टाकले तर क्लोरीन सुटतो. स्टेनलेस स्टीलची पट्टी लावली तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरते.

भागाच्या पृष्ठभागावर तांबडा गंज इलेक्ट्रॉन घेऊन बराचसा काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे पापुद्रे सैल करतात. पट्टीच्या समोरची बाजू आधी साफ होते, म्हणून मधून भाग फिरवा. हायड्रोजन पेट घेतो: काम उघड्यावर करा, जवळ बिडी नको, चिमट्याला हात लावण्याआधी चार्जर बंद. नंतर नायलॉनचा ब्रश, गरम पाणी, ऊन आणि लगेच तेलाचा हात. ओले उघडे लोखंड काही मिनिटांत पुन्हा नारिंगी पडते.

अ‍ॅल्युमिनियम या पाण्यात खाल्ले जाते. स्प्रिंग आणि कडक बोल्टांत हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात. मूळ रंग शाबूत असलेला भागही बुडवू नका, सोडा रंग उचलतो. तिथे सायट्रिक आम्लाचे पाणी कापसाच्या बोळ्याने फक्त गंजाच्या ठिपक्यावर लावा आणि पुसून टाका. बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीने ना अपघात टळतो ना गंज. लिंबातले हे आम्ल मात्र खरोखर उपयोगी आहे.

मूळ रंग शोधायचा तर नंबरप्लेटच्या मागे किंवा डॅशबोर्डखाली रुपयाच्या नाण्याएवढी जागा १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा. झाडाच्या बुंध्यासारखी वलये दिसतात. सर्वांत आतल्या प्रायमरला लागून असलेले वलय कारखान्याचे. रंग जुळवायचा तो त्याच्याशी.

२०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी होते, पण चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. म्हणून चेसिस नंबर ठोकलेल्या जागेवर सँडपेपरसुद्धा नको. रॉकेलमध्ये बुडवलेला नायलॉनचा ब्रश, मऊ फडके आणि वर मेणाचा पातळ थर, एवढेच.