बांगडा बाधला की बांगड्याची ॲलर्जी?

जुलैतला रविवार. गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी, त्यामुळे त्या दिवसांत बाजारात दिसतो तो बहुतेक बाहेरून आलेला, बर्फातला बांगडा. काकीने तिरफळं घालून हुमण केलं होतं. जेवताना म्हणाली, "तिरफळं जरा जास्तच पडली, जीभ चुरचुरते." अर्ध्या तासात तिचा चेहरा लालबुंद झाला, डोकं ठणकायला लागलं. पाठोपाठ चुलतभावाच्या मानेवर गांधी उठल्या. वरणभात जेवलेल्या आजोबांना काही नाही. ॲलर्जीची एक गोळी घेतली, संध्याकाळपर्यंत दोघं बरी. घरातलं निदान मात्र पक्कं झालं: आमच्या घराण्यालाच बांगड्याची ॲलर्जी! दुसऱ्या दिवसापासून पाच वर्षांच्या नातवाचेही मासे बंद.

घोळ होतो, कारण दोन्हीकडे गुन्हेगार एकच, हिस्टामिन नावाचं रसायन. ॲलर्जीत ते आपल्याच रोगप्रतिकार यंत्रणेतल्या मास्ट पेशी सोडतात. बाधलेल्या बांगड्यात ते बाजारातून तयारच येतं. बांगडा, तारले, ट्यूना अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उन्हातान्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा झालं की ते तळून, उकळून किंवा पुन्हा बर्फात ठेवून जात नाही. वासही कधीकधी ठीकच येतो, म्हणून "ताजा दिसत होता" याला फारसा अर्थ नाही. आणि जिभेची ती चुरचुर या विषबाधेचंही लक्षण असते. तिरफळं बिचारी उगाच बदनाम.

खऱ्या ॲलर्जीत भांडण माशातल्या प्रथिनाशी असतं. मासा ताजा असो, शिळा असो, त्रास त्या एकाच माणसाला होतो, बहुधा दर वेळी होतो आणि चिमूटभर पुरतो. सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, ॲलर्जीत ते प्रथिन बहुतेकदा ट्रोपोमायोसिन. ते शिजवूनही टिकतं, म्हणून सुक्या सुंगटांची किसमूरही अशा माणसाने चाखू नये. माशांच्या ॲलर्जीतलं मुख्य प्रथिन वेगळं, पार्व्हाल्बुमिन. तेव्हा सुंगटं सोसत नाहीत म्हणून इसवण (सुरमई) सोडायचं कारण नाही, तरी आमच्याकडे सरसकट सगळं नुस्तंच (मासळीच) बंद होतं.

गोळीने बरं वाटलं यावरून काही ठरत नाही, दोन्हीकडे तीच गोळी लागू पडते. विचारायचं ते हे: त्या पंगतीत आणखी किती जणांना झालं? यापूर्वी बांगडा पचत होता ना? तरीही शंका उरली तर ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे त्वचेची किंवा रक्ताची तपासणी करावी. पण नुसता पॉझिटिव्ह अहवाल म्हणजे ॲलर्जी नव्हे, खाल्ल्यावर काय होतं तेही जुळावं लागतं. घसा आवळला, श्वास लागला किंवा भोवळ आली तर मात्र ही चर्चा नको, सरळ १०८.

मला खरी काळजी वाटली ती नातवाची. अन्न सोसायला आतडं शिकतं, आणि शिकतं ते खाऊनच. तिथल्या नियामक टी-पेशी रोगप्रतिकार यंत्रणेला "हे आपलंच" असं शिकवून गप्प बसवतात. त्या घडायला अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल हातभार लावतं. भाज्या, कडधान्यांतला चोथा आंबवून आतड्यातले जिवाणू ब्युटिरेट करतात, तेही कामी येतं. पण म्हणून तांबडी भाजी खाऊन ॲलर्जी बरी होत नाही, कृपया तसं कुणी पुढे पाठवू नका.

खाण्याचा परिणाम किती, ते २०१५ साली लंडनमधल्या 'लीप' अभ्यासाने दाखवलं. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं त्यात होती. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नेमाने दिले, निम्म्यांना दिले नाहीत. पाचव्या वर्षी खाणाऱ्यांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. तो निष्कर्ष शेंगदाण्याचा, बांगड्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पेजेबरोबर मासा खात वाढलेल्या पोराचं ताट, ज्याने त्या दिवशी बांगडा चाखलाही नव्हता, कशासाठी रिकामं करायचं?

काकीची तपासणी निगेटिव्ह आली. नारळीपौर्णिमेनंतर तिने पुन्हा बांगडे आणले. आता ती कल्ले उघडून बघायच्या आधी टोपलीत हात घालून बर्फ चाचपते, आणि मासेवाली दर वेळी वैतागते.