फ्लाइट सिम्युलेटरमधील जुनी प्रवासी विमाने

घरच्या संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, नियमित सेवेतून निवृत्त झालेली प्रवासी विमाने त्यांच्या मूळ यंत्रणांसह उडवता यावीत, ही या छंदातील जुनी आणि चिवट मागणी आहे. तिचा आवाका १९३५ साली प्रथम उडालेल्या डग्लस डीसी-३ पासून, तिघांचे कॉकपिट असलेल्या सुरुवातीच्या एअरबस ए३०० आणि बोइंग ७४७ पर्यंत पोहोचतो. विमानाचा आकार आणि रंगसंगती हुबेहूब असणे हा या मागणीचा लहानसा भाग आहे. इंजिन कोणत्या क्रमाने सुरू होते, ते कशाने तापते, वाट कशी शोधली जात असे आणि कॉकपिटमधला तिसरा माणूस नेमके काय करत असे, हे स्वतः करून पाहता यावे, हा तिचा गाभा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील मराठी शौकिनांच्या दृष्टीने तिला आणखी एक पदर आहे, कारण बेळगावजवळच्या सांबऱ्याची धावपट्टी आणि घाटाखालचे गोव्यातील दाबोळी विमानतळ या दोन्ही ठिकाणांचा इतिहास अशाच विमानांशी जोडलेला आहे.

मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आला. २००३ ची आवृत्ती राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त काढलेली असल्यामुळे तिच्यात डीसी-३ आणि फोर्ड ट्रायमोटर ही ऐतिहासिक विमाने मुळातच दिलेली होती. त्या आवृत्तीसाठी आणि २००६ च्या एफएसएक्स या पुढच्या आवृत्तीसाठी बाहेरच्या निर्मात्यांनी, काहींनी विकत तर काहींनी विनामूल्य, पिस्टन इंजिनांच्या काळातील विमानांचा मोठा ताफा उभा केला. तथापि सिम्युलेटरची पिढी बदलली की आधीच्या पिढीसाठी केलेली विमाने बहुधा नव्यात चालत नाहीत. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने पूर्णपणे नवा सिम्युलेटर आणला, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांत जमलेले हे धन मागे राहिले आणि मागण्यांची यादी जवळजवळ पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू झाली. २०२१ मध्ये पीएमडीजी या बाहेरच्या निर्मात्याचे डीसी-६ आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चाळिसाव्या वर्षानिमित्त डीसी-३ आणि एअरबस ए३१० मूळ संचातच देण्यात आली. जस्ट फ्लाइट या दुसऱ्या निर्मात्याने फोकर एफ-२८ केले. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये बोइंग ७४७-२०० आणि तुपोलेव टीयू-१५४ यांच्या अतिशय सखोल प्रतिकृती उपलब्ध आहेत. तरीही ही भर तुरळक आहे, आणि भारतीय आकाशात दीर्घकाळ वावरलेली विमाने तिच्यात फारच थोडी आहेत.

भारतीय शौकिनांची यादी देशाच्या हवाई वाहतुकीच्या इतिहासातून आपोआप तयार होते. आठ खासगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन १९५३ मध्ये इंडियन एअरलाइन्स सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्याचा कणा डाकोटा, म्हणजे डीसी-३ हे विमान होते. १९५७ मध्ये व्हायकाउंट, १९६१ मध्ये फोकर फ्रेंडशिप, १९६४ मध्ये कॅराव्हेल हे पहिले जेट, पुढे बोइंग ७३७-२०० आणि १९७६ मध्ये एअरबस ए३०० असा क्रम लागतो. कानपूरमध्ये बांधलेले अ‍ॅव्हरो ७४८ यांच्या जोडीला होते. भारतात बांधलेले त्याचे पहिले विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले. एअर इंडियाच्या बाजूने ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेलेले ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन, १९६० पासूनचे बोइंग ७०७ आणि १९७१ चे ‘एम्परर अशोक’ हे ७४७ या यादीत येतात.

आधुनिक विमानाला जुना रंग चढवून ही मागणी भागवण्याची पद्धत सर्रास आढळते. ती अपुरी का आहे, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. इंडियन एअरलाइन्सने १९८९ पासून घेतलेल्या एअरबस ए३२० विमानांच्या मुख्य चाकांच्या प्रत्येक खांबाला, नेहमीच्या दोनऐवजी, चार चाके होती, कारण कमी ताकदीच्या धावपट्ट्यांवर विमानाचा भार विभागला जावा अशी गरज होती. ज्याने हे विमान जवळून पाहिले आहे त्याला दोन चाकांच्या ए३२० वर नारिंगी पट्टा रंगवलेला पाहून समाधान होणार नाही. आणि बदल फक्त चाकांचा असूनही त्याने वजन, ब्रेक आणि उतरतानाचा धक्का अशा सगळ्याच गोष्टी थोड्या थोड्या बदलतात.

या यादीतील व्हायकाउंट, फ्रेंडशिप आणि अ‍ॅव्हरो या तिन्ही विमानांना रोल्स-रॉइसचे डार्ट हे एकच टर्बोप्रॉप, म्हणजे जेटच्या तत्त्वावर पंखा फिरवणारे, इंजिन आहे. व्हायकाउंटला चार, इतर दोघांना प्रत्येकी दोन. उन्हाळ्याच्या उष्ण हवेत किंवा उंचावरच्या धावपट्टीवर उड्डाणाच्या वेळी ताकद टिकावी म्हणून या इंजिनात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण सोडले जाई. समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवरील सांबऱ्याहून मे महिन्यात भरलेले विमान उठवताना ही सोय किती मोलाची ठरे, हे सिम्युलेटरमध्ये ती चालू आणि बंद ठेवून तपासता आले पाहिजे. एका निर्मात्याने डार्टचे वर्तन आणि त्याची कर्कश शीळ एकदा नीट बसवली, तर तीन विमानांचे अर्धे काम पुरे होईल. भारतीय शौकिनांनी सुटी सुटी विमाने मागण्याऐवजी हा मुद्दा पुढे करावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

जुन्या विमानाचे वेगळेपण त्याच्या कामाच्या रीतीत आहे. डीसी-६ च्या प्रत्येक इंजिनात दोन रांगांत बसवलेली अठरा सिलिंडर असतात. तेल पुरेसे तापल्याशिवाय त्यांच्याकडून पूर्ण ताकद घेता येत नाही. चढताना इंजिनाभोवतीच्या हवेच्या झडपा किती उघडायच्या, मिश्रण किती पातळ करायचे आणि मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, दाब कुठे थांबवायचा, हे सतत पाहावे लागते. खाली उतरताना बाहेरची हवा दाट होत जाते, त्यामुळे थ्रॉटलला हात न लावताही दाब वाढू लागतो आणि ताकद हळूहळू मागे ओढत राहावे लागते. एकदम ओढली तर तापलेली सिलिंडर झटक्यात गार होऊन इजा होते. सखोल प्रतिकृतीत ही इजा साठत जाते आणि पुढच्या उड्डाणात दिसते. सुरुवातीच्या जेट इंजिनांची अडचण याच्या उलट होती. ती सांभाळायला सोपी, पण मंद गतीवरून पूर्ण ताकदीवर यायला त्यांना बराच वेळ लागे, आणि म्हणून उतरताना ताकद फार कमी करून ठेवणे जिवावर बेतू शकत असे. कॉन्कॉर्डमध्ये तर वेग ध्वनीपलीकडे जाताना गुरुत्वमध्य सरकवण्यासाठी इंधन पुढच्या टाक्यांतून मागच्या टाकीत न्यावे लागे, आणि ते काम फ्लाइट इंजिनिअरचे, म्हणजे कॉकपिटमधल्या त्या तिसऱ्या माणसाचे, असे.

हा फ्लाइट इंजिनिअर घरगुती सिम्युलेटरचा सर्वांत अवघड प्रश्न आहे, कारण खुर्ची एक, पडदा एक आणि माणूसही एकच असतो. पीएमडीजीच्या डीसी-६ मध्ये त्यासाठी स्वयंचलित इंजिनिअरची सोय आहे. इतरत्र दुसऱ्या संगणकावरून दुसरी व्यक्ती कॉकपिटमध्ये सामील होऊ शकते. दुसरा मार्ग अधिक चांगला आहे. करायच्या कामांची यादी (चेकलिस्ट) मोठ्याने वाचणारा आणि उत्तर देणारा अशी दोन माणसे असली, की चार इंजिने सुरू करण्याची कवायत आपला खरा अर्थ दाखवते. घरात भाऊ, मित्र किंवा निवृत्त काका यांच्यापैकी कोणीही आठवडाभरात ते शिकू शकतो.

वाट शोधण्याची जुनी रीत सीमाभागातून फार चांगली अनुभवता येते. सांबरा ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे, म्हणजे डाकोटाच्या वेगाने दीड तासाचा प्रवास. ही सरळ रेषा कोल्हापूरच्या किंचित पश्चिमेकडून आणि कोयनेच्या शिवसागर जलाशयाजवळून जाते आणि महाडच्या आसपास सह्याद्री ओलांडून कोकणात उतरते. होकायंत्र, घड्याळ, एनडीबी या जमिनीवरील रेडिओ केंद्राकडे झुकणारी सुई आणि खालून एकामागून एक जाणाऱ्या हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा या नद्या एवढ्या साधनांवर हे उड्डाण करता येते. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा विमानाला साताऱ्याच्या बाजूला ढकलतो. तो हिशेबात न घेतल्यास शिवसागर डाव्या हाताला दूर राहतो आणि चूक तिथेच समजते. ७४७ मध्ये हेच काम विमानाच्या हालचाली मोजून त्याची जागा ठरवणारी जडत्वीय यंत्रणा करते, पण तिच्या पेटीत एका वेळी अक्षांश-रेखांशांचे नऊच टप्पे मावतात आणि लांबच्या प्रवासात जुने टप्पे पुसून नवे हाताने भरावे लागतात. मोठी अडचण सिम्युलेटरबाहेर आहे. एनडीबी केंद्रे जगभर बंद होत चालली आहेत आणि सिम्युलेटरची माहिती आजच्या जगाशी जुळवलेली असते, त्यामुळे जुन्या विमानाला जुनी केंद्रे सापडत नाहीत. विमानासोबत त्याच्या काळातील नभोमार्ग आणि रेडिओ केंद्रेही द्यावीत, ही मागणी म्हणूनच विमानाच्या मागणीइतकी महत्त्वाची आहे. आभासी नियंत्रकांच्या, म्हणजे छंद म्हणून हवाई नियंत्रकाचे काम करणाऱ्यांच्या, इंटरनेटवरील जाळ्यावर उडतानाही उपग्रहाधारित मार्ग मिळाल्यास ‘आम्हाला जमणार नाही’ असे सांगून दिशा मागून घ्यावी लागते.

सांबऱ्याचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ब्रह्मदेश आघाडीसाठी प्रशिक्षणाचे ठाणे म्हणून बांधला गेला आणि आजही तेथे वायुसैनिकांचे प्रशिक्षण केंद्र आहे. बेळगावकरांना विमान परिचयाचे झाले ते या धावपट्टीमुळे. प्रवासी विमानांच्या इतिहासाशी या भागाची खरी गाठ मात्र १९६१ च्या डिसेंबरात पडते. गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात असताना, १९५५ मध्ये, तेथे ‘ताइप’ ही स्वतंत्र विमान कंपनी काढण्यात आली होती. ती दाबोळीहून कराचीला आणि पुढे लिस्बनपर्यंत सेवा देई. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीची कारवाई सुरू झाली. सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले आणि पुण्याच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. दाबोळीवर त्या वेळी पोर्तुगालच्या टॅप कंपनीचे एक कॉन्स्टेलेशन आणि ताइपचे एक डीसी-४ उभे होते. त्याच रात्री ही दोन्ही विमाने धावपट्टीच्या शाबूत राहिलेल्या भागावरून उठून कराचीला निसटली. चार पिस्टन इंजिनांचे विमान, अंधार, आखूड झालेली धावपट्टी आणि पुढे समुद्रावरून बाराशे किलोमीटरहून अधिक अंतर: सिम्युलेटरमध्ये उभा करावा असा यापेक्षा चांगला प्रसंग या परिसरात सापडणार नाही. सांबरा आणि दाबोळी यांच्यात जेमतेम शंभर किलोमीटर आहेत. डीसी-४ ने पठारावरून उठून चोर्ला घाटाच्या रोखाने निघावे, तर विमान स्थिरावते न स्थिरावते तोच उतरण्याची तयारी करावी लागते, आणि वर सांगितलेली इंजिनाची सारी पथ्ये अर्ध्या तासात पाळावी लागतात.

एवढी मागणी असूनही पुरवठा कमी का, याचे पहिले कारण व्यवहाराचे आहे. सखोल प्रतिकृतीला अनेक जणांची काही वर्षांची मेहनत लागते, आणि तेवढ्याच मेहनतीत केलेले ए३२० किंवा ७३७ कितीतरी अधिक खपते. दुसरे कारण साधनांचे आहे. आजच्या विमानाचे कागद, चित्रफिती आणि वैमानिक सहज मिळतात. कॅराव्हेलची हस्तपुस्तके जुन्या पुस्तकांच्या बाजारात शोधावी लागतात. संग्रहालयात ठेवलेल्या विमानाचे कॉकपिट मोजता येते, त्याची छायाचित्रे घेता येतात, पण त्याचे इंजिन गर्जत नाही, तारा ताणल्या जात नाहीत, इशाऱ्याची घंटा वाजत नाही. ध्वनी आणि हाताळणी या दोन गोष्टी माणसांच्या आठवणीतूनच मिळतात, आणि त्या माणसांचे वय वाढत चालले आहे.

घरच्या सामग्रीचाही प्रश्न असतो, मात्र तो बेळगावात सोडवता येण्यासारखा आहे. डीसी-४ सारख्या चार पिस्टन इंजिनांच्या विमानाला थ्रॉटल, प्रोपेलर आणि मिश्रण मिळून बारा दांडे लागतात आणि बाजारातील तयार संचांत ते सहसा इतके नसतात. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम आणि यंत्रकाम जाणणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात तर खऱ्या विमानांचे सुटे भाग बनतात. अ‍ॅल्युमिनियमचे बारा दांडे आणि त्यांची जागा संगणकाला कळवणारे साधे विद्युत रोधक (पोटेन्शियोमीटर) जमवणे या गावाला अवघड नाही.

भारतीय यादीत आज सर्वांत निकडीचे विमान अ‍ॅव्हरो ७४८ आहे. वायुसेनेने त्याच्या जागी ५६ सी-२९५ विमाने घेण्याचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये केला आणि त्यांतील पहिले विमान २०२३ मध्ये दाखल झाले. त्यामुळे ज्यांनी अ‍ॅव्हरो उडवले, ज्यांनी त्याची डार्ट इंजिने उघडून पुन्हा बसवली, असे निवृत्त वायुसैनिक अजून आपल्यात आहेत. फ्लाइटगियर हा सिम्युलेटर मुक्तस्रोत असल्याने त्यासाठी विमान करायला कोणाचा परवाना घ्यावा लागत नाही. बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी अशा निवृत्तांकडून इंजिन सुरू करण्याचा क्रम, तापमानाच्या मर्यादा आणि बिघाडांच्या खुणा लिहून घेतल्या, आणि शेवटची अ‍ॅव्हरो उडत आहेत तोवर त्यांचे ध्वनी नोंदवले, तर या विमानाची भरवशाची प्रतिकृती सीमाभागातच तयार होऊ शकते.