बर्फात उभं असलेलं जंगल तहानलेलं असतं

माझी पुतणी, परभणीची पोरगी, सध्या फिनलंडच्या योएन्सूत जंगलशास्त्र शिकतीय. तिकडं नवीन आलेल्या बाहेरदेशच्या पोरांना हिवाळ्यात गाईडसोबत जंगलात फिरवतात, तर फेब्रुवारीत हे सगळे कोली नॅशनल पार्कात गेले. टेकडी जेमतेम 347 मीटरची, पण स्प्रूसची झाडं बर्फानं अशी लदलेली की झाड कुठलं नि बर्फ कुठला कळू नये. घानाची, बांगलादेशची, व्हिएतनामची पोरं, निम्म्यांनी बर्फ पहिल्यांदाच बघितलेला. बॅगेतल्या बाटलीतलं पाणी पार गोठलं तेव्हा एकानं विचारलं की मग झाडातलं का गोठत नाही?

तर गोठतं की! फक्त कुठं गोठू द्यायचं ते झाड ठरवतं. पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं आणि पेशीच्या आत बर्फाचे खडे झाले की पेशी मेलीच समजा, म्हणून झाड पेशीतलं पाणी बाहेर, दोन पेशींमधल्या फटीत सोडतं, तिथं खुशाल बर्फ होऊ दे. आत उरतो साखरेचा घट्ट रस, जो सहजासहजी गोठत नाही. ही तयारी थंडी पडल्यावर सुरू होते असं वाटतं पण नाही, दिवस लहान होताना दिसला की ऑगस्टातच झाड वाढ आवरायला घेतं, थंडी नंतर येऊन तयारी पक्की करते. जपानच्या अकिरा साकाई यांनी 1960 साली काही झाडांच्या डहाळ्या आधी हळूहळू गारठवल्या आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे 196 डिग्रीत बुडवल्या, तरी जगल्या. एवढी थंडी पृथ्वीवर कुठंच पडत नाही!

पण पेशीतलं पाणी काढून टाकलं म्हणजे झाड वाळत चाललं ना? त्यात जमीन गोठलेली, मुळांना ओढायला पाणी नाही, आजूबाजूला कमरेएवढा बर्फ असून उपयोग शून्य. मला विचाराल तर हा सरळ दुष्काळ आहे, आणि तो मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्या किनवटचा साग उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकून देतो पाणी वाचवायला, तिकडं बर्च तेच काम थंडीच्या आधी करतो. पाईन आणि स्प्रूस पानं ठेवतात, पण ती सुईसारखी, वरून मेणाचा थर, छिद्रं घट्ट बंद. हिरवी दिसतात म्हणून अन्न बनवत असतील असं नाही, कडाक्यात ते काम जवळपास बंदच असतं आणि अंगावर पडलेला उजेड उष्णता करून सोडून देतात, नाहीतर तोच उजेड पान जाळेल.

गाईडनं थर्मामीटर बर्फात खुपसून दाखवलं म्हणे. वर उणे 20 च्या आसपास आणि बर्फाच्या तळाशी, मातीजवळ, शून्याच्या जरासंच खाली. ताज्या बर्फात बहुतेक हवाच असते, तीच थंडी अडवते. म्हणून उंदरासारखे व्होल नावाचे प्राणी अख्खा हिवाळा बर्फाच्या तळाशी बोगदे करून राहतात, आणि कॅपरकेली हा मोठा रानकोंबडा दिवसभर पाईनच्या सुया खाऊन (काय चव असेल देव जाणे) रात्री सरळ बर्फात घुसून झोपतो.

फांद्यांवरून दाढीसारखं लोंबणारं लायकेन (बुरशी आणि शेवाळ एकत्र राहून बनतं ते) बघून पुतणी लगेच म्हणाली, काका, हे तर आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतलं! खरंय, दगडफूलही लायकेनच. दाढीवालं मात्र हवा स्वच्छ असेल तरच टिकतं.

मी विचारलं, मग या झाडांना भीती कशाची? ऊब लवकर आली तर, असं म्हणाली. चार दिवस ऊन पडलं की झाड हिवाळ्याची तयारी उतरवायला लागतं, मग परत गारठा आला की संपलं. जानेवारीत उणे 40 सोसणाऱ्या त्याच स्प्रूसची नवी कोवळी फूट जूनच्या सुरवातीला उणे 5 च्या आसपासही करपून जाते.