चिपाडाचा धूर, कोळशाचा धूर

काहिलीतला रस उकळी धरत होता. पंचगंगाकाठच्या त्या गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालणारे मामा म्हणाले, "सर, आमच्या धुराकडं सगळी बोट दाखवत्यात. त्या अमेरिकेला कोण इचारतंय?" त्यांचा पुतण्या मोबाइल पुढे करून म्हणाला, "पण काका, भारताचा नंबर जगात तिसरा हाय की!"

दोघांचंही बरोबर आहे. वर्षभरात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये चीन, अमेरिका आणि मग आपण. पण पृथ्वी तापते ती हवेत आजवर साचलेल्या या वायूमुळे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून आजवर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. भारताचा ३-४ टक्के.

चिपाडातला कार्बन उसाने वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. जळला की तो परत जातो, पुढचा ऊस पुन्हा उचलतो. काजळी छातीला वाईटच. पण कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता, म्हणून तो हवेत नवी भर घालतो.

ही भर जाते कुठे? साधारण निम्मी झाडं, माती आणि समुद्र शोषतात. समुद्राचा भाग मला फार विलक्षण वाटतो. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तिथल्या कार्बोनेट नावाच्या घटकाशी जुळून बायकार्बोनेट होतो, त्यामुळे आणखी वायूला जागा मिळते. पण कार्बोनेट मोजकंच. ते खर्ची पडत जातं तसं शोषणं मंदावतं. म्हणून हवेतला वायू १० टक्के वाढला, तर वरच्या पाण्यातला एकूण कार्बन जेमतेम १ टक्का वाढतो. वरचं पाणी खोल समुद्रात मुरून ताजं पाणी वर यायला शेकडो वर्षं लागतात. २०१९ च्या महापुरात पाऊस कमी झाल्यावरही आपल्या पंचगंगेचं पाणी लवकर उतरेना, कारण ती जिला मिळते त्या कृष्णेलाच खाली फुगवटा होता. तसाच समुद्रातला हा फुगवटा. सोडलेल्या वायूतला १५ ते ४० टक्के हजार वर्षांनंतरही हवेत उरतो. आजोबांच्या काळात अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या पोलाद-भट्ट्यांतून निघालेल्या वायूचा मोठा वाटा आजही आपल्या डोक्यावर आहे.

होमात गाईचं तूप घातलं की ऑक्सिजन तयार होतो, असे संदेश फिरतात. तूप जळताना ऑक्सिजन खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइडच बाहेर पडतो. असल्या गोष्टींवर मुलांना विश्वास ठेवू देऊ नका.

१९९२ साली ब्राझीलमधल्या रिओच्या परिषदेत सगळ्या देशांनी मान्य केलं की हवामान सावरण्याची जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या मदतीसाठी २०२० पर्यंत वर्षाला १० हजार कोटी डॉलर उभे करायचा शब्द दिला. तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, आणि त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा. जानेवारी २०२५ मध्ये तर अमेरिकेने तापमानवाढ रोखण्याच्या पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला.

आपण सौरपंप बसवावेत, कोळसा कमी करावा, हे मी मामांनाही सांगितलं. पण ज्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळला, त्यांनी स्वतःचा धूर आपल्याहून लवकर थांबवला पाहिजे. आणि कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीसारख्या पुरात बुडणाऱ्या गावांसाठीचा पैसा अनुदान म्हणून दिला पाहिजे, व्याजाने नाही.